इंजिन ऑइलमध्ये कूलंट उतरलं तर...

कूलंट म्हणजे : पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल, साधारण निम्मंनिम्मं. हे मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही, पण भिवंडीत त्याचं अप्रूप नाही. इथे उपयोग दोन : पाण्यापेक्षा उशिरा उकळणं आणि गंजाला अटकाव.

शिरतं कुठून : जळालेलं हेड गॅस्केट, हेडला तडा, फुटलेला ऑइल कूलर. नाशिककडे निघालेली गाडी कसारा घाटात तापली, हेड वाकलं, की गॅस्केट जातं. बऱ्याच ट्रकच्या इंजिनात लायनरच्या ओ-रिंगमधूनही गळती होते.

ओळख
- डिपस्टिकवर दुधाळ चहाच्या रंगाचं ऑइल.
- बाहेर थेंबही न सांडता कूलंटची पातळी घटणं.
- फक्त झाकणाखाली पांढरट थर, बाकी ऑइल स्वच्छ : बहुधा दमट हवेची वाफ. पावसाळ्यात अंजूरफाट्यापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही.

नुकसान : ऑइलचा थर तुटतो, क्रँकची बेअरिंग घासतात. ग्लायकॉलपासून आम्लं तयार होतात, गाळ साचतो.

करायचं काय
- इंजिन लगेच बंद. 'एकदा स्टार्ट मारून बघू' नको. टोचन करून गॅरेज गाठावं.
- गाडी बराच वेळ उभी असेल, तर चेंबरचा बोल्ट सैल करताच आधी कूलंट येतं. ते ऑइलपेक्षा जड.
- आधी गळती बंद, मग ऑइल. दुरुस्तीनंतर साधं ऑइल व नवा फिल्टर घालून इंजिन थोडा वेळ रिकामं चालवतात आणि ऑइल काढतात. दुधाळपणा राहिला तर पुन्हा तेच. शेवटी कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल.

सांडपाणी नव्हे : २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा. ग्लायकॉल गोडसर आणि विषारी. भटकी कुत्री ते चाटतात.