पुस्तक हाताशी असावे

आपल्या बहुतेक घरांत पुस्तकाची जागा उंचावर असते. तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली फळी आणि फळीवर ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’. वर्षावासात विहारात वाचन सुरू झाले की ग्रंथ खाली येतो, वर्षावास संपला की पुन्हा फळीवर जातो. या आदराला मी नावे ठेवणार नाही. परंतु बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून, आणि ते ग्रंथ त्यांनी रात्र रात्र जागून वाचले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून आपण पिशव्या भरून पुस्तके आणतो. त्यांतली किती उघडली जातात, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

मी चाकणला कारकुनी करते, राहते निगडीला. तळवड्याच्या कोंडीत गाडी अडकली की जाता-येता मिळून दोन तास सहज जातात. पूर्वी गाडीत आम्ही बायका एकमेकींशी बोलत तरी होतो, आता सगळ्यांच्या माना मोबाईलवर. मी डब्याच्या पिशवीत एक पुस्तक ठेवते. त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घालते, म्हणजे तेलाचा डाग पडला तरी चिंता नाही. रोज दहा-बारा पाने होतात. बी. कॉम.ला असताना परीक्षेसाठी जेवढे वाचले, त्याहून अधिक वाचन या गाडीत झाले आहे.

अलीकडे जे वाचले त्यात सर्वांत जवळचे वाटले ते बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. फलटणला त्या छोटेसे दुकान चालवीत. सामान बांधायला आणलेल्या रद्दीवर जे छापलेले असे, ते त्या आधी वाचायच्या आणि मग त्यात पुडी बांधायच्या. स्वतः लिहू लागल्या तेव्हा ते लेखन घरच्यांपासून, नवऱ्यापासूनसुद्धा, वीस वर्षे लपवून ठेवले. फलटणला राहून अभ्यास करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी ते वाचले, ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः आले आणि १९८६ साली त्याचे पुस्तक झाले. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले तेव्हा सगळा महाराष्ट्र त्यावर बोलला, आणि ते तसेच मोठे पुस्तक आहे. तरी माझ्या भगिनींना मी आधी बेबीताई वाचा असेच सांगेन. गावाने आपल्याला काय भोगायला लावले हे तर त्या लिहितातच, पण आपल्याच घरात सुनेने काय भोगले तेही झाकत नाहीत. ‘मी’ फार थोडा, ‘आम्ही’ अधिक.

सासूबाईंना अक्षरओळख नाही. रात्री भांडी झाल्यावर मी त्यांना हे पुस्तक वाचून दाखवीत असे. सुनेच्या पायात लाकडी खोडा घालतात तो भाग आला, तेव्हा त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे गं, म्हाईत हाय मला.” मी पुस्तक मिटले. दुसऱ्या दिवशी जेवण होताच त्याच विचारतात, “काल कुठपातूर आलो हुतो?”

दुसरे आवडते वाचन सांगितले तर कोणी हसेल. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचे व भाषणांचे खंड काढले. पहिला खंड १९७९ साली आला. त्यात भारतातील लहान शेतजमिनींवरचा बाबासाहेबांचा १९१८ सालचा लेख आहे. शब्दकोश शेजारी ठेवून मी तो महिनाभर वाचला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१७ साली, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांचे एका दख्खनी खेड्याच्या पाहणीचे पुस्तक निघाले होते. वाटण्या होता होता जमिनीचे तुकडे कसे लहान झाले ते त्यात आहे. ते खेडे म्हणजे आपले पिंपळे सौदागर! आज तिथे उंच उंच इमारती आहेत. बाबासाहेबांचे म्हणणे असे, की नुसते तुकडे जोडून भागणार नाही. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, त्यांचे हात रिकामे राहतात. उद्योगधंदे वाढवा, म्हणजे शेतीवरचा भार हलका होईल. हे वाचून गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहिले, तर दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती आणि मध्येच एखादे कांद्याचे वावर.

एक गोष्ट मात्र मला खटकली. त्या लेखात आपला भूमिहीन माणूस फारसा दिसत नाही. कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, तेव्हा मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळाला. ज्याचे नावच नव्हते, तो गेटवर काम मागायला उभा राहिला. त्याचा विचार बाबासाहेबांनी कुठे केला आहे हे शोधताना मी दहाव्या खंडापर्यंत आले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते, त्या काळातली भाषणे आणि विधेयके या खंडात आहेत. बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ सालची दुरुस्ती त्यांनीच मांडलेली.

हा भाग मी एका रविवारी विहारात मराठीत सांगत होते. मागे चार-पाच मुले बसली होती, सगळी ठेकेदारीवर कामाला. त्यांतला एक रात्रपाळी करून तसाच आलेला. तो मध्येच म्हणाला, “ताई, अठ्ठेचाळीसला सहानं भागलं तर आठ येतात. मग आमची पाळी बारा तासांची कशी?” त्यानंतर पुढचे वाचन झालेच नाही. कोणाच्या हजेरीकार्डावर किती तास लिहितात आणि प्रत्यक्ष किती भरतात, यावरच जेवणवेळ झाली. निघताना त्या मुलाने खंड मागून नेला, कोपऱ्यावरच्या दुकानातून त्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि खंड परत आणून दिला. इंग्रजी अडते म्हणाला. बारावीतल्या बहिणीला पुढच्या रविवारी बरोबर आणणार आहे.