लशीबरोबर एक पाकीट

मोठ्या आतड्याचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. गाठीतून रक्त मात्र झिरपते, तेही डोळ्यांना न दिसण्याइतके थोडे. ते पकडायचे कसे?

घरीच शौचाचा कणभर नमुना घेऊन नळीतल्या द्रवात घालायचा. प्रयोगशाळेत त्यात प्रतिद्रव्ये चिकटवलेले सूक्ष्म कण मिसळतात. मानवी रक्तातले हिमोग्लोबिन असले, की हे कण एकमेकांना चिकटतात, द्रव गढूळतो आणि आरपार जाणारा प्रकाश मंदावतो. पेलाभर पाण्यात दुधाचे चार थेंब टाकून पलीकडे विजेरी धरा, म्हणजे कळेल! प्रकाश किती घटला, यावरून रक्ताचे प्रमाण काढतात.

अमेरिकेत ४५ व्या वर्षापासून ही तपासणी सुचवतात. पण माणसे टाळतात. (तुम्हीही आता नाक मुरडलेच असेल!) सॅन फ्रान्सिस्कोतील एका सार्वजनिक रुग्णालयात परिचारिकांनी फ्लूची लस घ्यायला आलेल्यांच्या हाती असे रक्त शोधणाऱ्या चाचणीचे पाकीटही ठेवले. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : त्यांच्यात तपासणी झालेल्यांचे प्रमाण ५४.५ वरून ८४.३ टक्क्यांवर गेले. नुसती लस घेणाऱ्यांत ते ५७.३ टक्क्यांवरच थांबले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही!

रक्त सापडले म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. ते मूळव्याधीचेही असेल. म्हणून पुढे दुर्बिणीने आतडे पाहावेच लागते. तेथे लहानशी गाठ दिसली, तर ती बहुधा त्याच वेळी काढता येते.