जांघेतली खाज आणि न विचारता घेतलेली ट्यूब

पावसाळ्यात मंचर, घोडेगाव, नारायणगाव या पट्ट्यातल्या कोणत्याही औषध दुकानात थोडा वेळ थांबले, तर एक संवाद हमखास कानावर पडतो. गिऱ्हाईक आजूबाजूला पाहते, आवाज खाली आणते आणि म्हणते, "खाजेची ट्यूब द्या." खाज कुठे आहे, हे दुकानदार विचारत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही. दोन-तीन दिवसांत आराम पडतो. महिनाभराने तीच खाज दुप्पट जागा व्यापून परत येते आणि पुन्हा तीच ट्यूब मागितली जाते.

जांघेतली ही खाज बहुतेक वेळा गजकर्णाची, म्हणजे बुरशीच्या संसर्गाची असते. पश्चिमेकडच्या गावांत भातलावणीच्या दिवसांत अंगावरचे कपडे दिवसभर ओले असतात. टोमॅटोच्या तोडणीला गेलेल्यांची, मोटारसायकलवर घट्ट जीन्स घालून फिरणाऱ्या पोरांची जांघ घामाने भिजलेली असते. घरात चौघांत एक टॉवेल आणि दोरीवर दमट राहिलेले कपडे, एवढे बुरशीला पुरते. यात चारित्र्याचा काही संबंध नाही, पण रुग्ण मात्र गुन्हा केल्यासारखा चेहरा करून येतो, तोही सहा महिन्यांनी.

तोवर ट्यूबने आपले काम केलेले असते. अशा अनेक मिश्र मलमांत बुरशीविरोधी औषधाबरोबर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे तीव्र स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, म्हणून औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात त्या जागेची प्रतिकारशक्ती मंदावते आणि बुरशी पसरत राहते. गजकर्णाची ओळखीची गोल कडा पुसली जाते, त्यामुळे पुढे डॉक्टरलाही निदान करणे अवघड जाते. त्यातून ही जागाही नाजूक. हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत वृषणाच्या त्वचेतून स्टेरॉइड सुमारे ४२ पट शोषले जाते, असे १९६७ सालीच मोजले गेले आहे. महिनोन् महिने मलम लावणाऱ्यांची त्वचा कागदासारखी पातळ होते आणि मांडीवर कायमचे ओरखड्यांसारखे पट्टे उमटतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी स्टेरॉइड मलमे अनुसूची एचमध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम कागदावर पक्का आहे, काउंटरवर तितका नाही.

दरम्यान बुरशीही बदलली. नेहमीच्या टर्बिनाफिनला दाद न देणारा एक प्रकार भारतात मोठ्या प्रमाणावर आढळतो. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी त्याला नाव दिले, 'ट्रायकोफायटन इंडोटिनिई'. आपल्या देशाचे नाव असे एका बुरशीला चिकटावे, हे काही भूषणावह नाही. उपचार आता जास्त दिवस चालतात आणि घरातल्या सगळ्या बाधितांना एकाच वेळी घ्यावे लागतात. नवऱ्याने औषध घेतले आणि बायको खाजवत राहिली, तर दोन महिन्यांत दोघेही पुन्हा दवाखान्याच्या दारात.

सगळेच बदल मात्र रोग नसतात. शिश्नाच्या टोकाच्या कडेला बारीक मोत्यांसारखी रांग, ओठांवर असतात तसे पिवळसर ठिपके, वयाबरोबर काळवंडणारी जांघ, हे सारे निरोगी शरीरातही दिसते. लग्न ठरल्यावर तरुण मुले याच ठिपक्यांमुळे झोप उडवून घेतात, आणि जाहिरातबाज 'गुप्तरोगतज्ज्ञ' त्यांच्याकडून हजारो रुपये उकळतात.

आणखी एक गैरसमज संसार मोडायला निघतो. काही जणांना तापाची, अंगदुखीची किंवा जुलाबाची एखादी ठराविक गोळी घेतली की दर वेळी शिश्नावर त्याच जागी लालसर-जांभळा डाग किंवा फोड येतो. ही औषधाची ॲलर्जी असते. घरात मात्र 'बाहेरून आणलेला रोग' म्हणून भांडण पेटते. डाग येण्यापूर्वी एक-दोन दिवसांत कोणती गोळी घेतली होती, हा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळदा उलगडा होतो.

उलट, ज्याची भीती वाटायला हवी ते अनेकदा दुखत नाही. सिफिलिसची पहिली जखम संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी दिसते, टणक असते, वेदना नसतात आणि काही आठवड्यांत औषधाविनाही भरून येते. रुग्ण निश्चिंत होतो, पण जंतू रक्तात असतात. पुढे हृदय, मेंदू आणि गर्भातल्या बाळापर्यंत त्यांचा फटका पोचतो. सुरुवातीच्या टप्प्यात पेनिसिलिनचे एक इंजेक्शन बहुधा पुरते. पुंजक्याने येणारे, आग होणारे छोटे फोड नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिसचे असू शकतात, तर कोबीसारखे वाढणारे मऊ मस एचपीव्ही विषाणूचे.

स्त्रियांच्या बाबतीत उशीर जास्तच होतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचे आजार होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. परिस्थिती काहीशी सुधारली आहे, पण पाळी गेलेल्या सासूबाईंची खाज आजही 'वयाची' म्हणून सोडून दिली जाते. त्या वयात त्वचा पांढरी, पातळ, चकचकीत होऊन रात्री असह्य खाज सुटत असेल, तर तो 'लायकेन स्क्लेरोसस' असू शकतो. दुर्लक्ष केल्यास योनिमुख आकसते आणि थोड्या रुग्णांत पुढे कर्करोगही होतो. गंमत अशी, की यावर उपाय म्हणजे तेच तीव्र स्टेरॉइड मलम. गजकर्णात जे घातक, ते इथे औषध. म्हणून आधी निदान, मग ट्यूब.

दह्यासारखा पांढरा स्राव आणि आग वारंवार होत असेल, किंवा पुरुषाच्या शिश्नाची कातडी सारखी लाल होऊन तिला चिरा पडत असतील, तर रक्तातली साखर तपासावी. मधुमेह पुष्कळदा असाच कळतो. अँटिसेप्टिक द्रव पाण्यात घालून जागा धुण्याने आग वाढते. साधे पाणी पुरे. औषधफवारणी करताना पँट भिजली, तर ती संध्याकाळपर्यंत अंगावर ठेवू नये.

दोन आठवड्यांत न भरणारी जखम, वाढणारी गाठ, रंग बदलणारा किंवा रक्त येणारा तीळ, पांढरा पडणारा पट्टा, जांघेतल्या सुजलेल्या गाठी, गरोदरपणातला कोणताही फोड किंवा व्रण, यांसाठी थांबू नये. वृषणात अचानक जोराची कळ आली, किंवा मागे ओढलेली शिश्नाची कातडी पुढे येईना, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. लहान मुलाची कातडी मात्र आंघोळीच्या वेळी जबरदस्तीने मागे ओढू नये. ती वयाबरोबर आपोआप सुटते.

सरकारी रुग्णालयांत लैंगिक आजारांची तपासणी आणि एचआयव्हीची चाचणी मोफत होते, माहिती गुप्त राहते. १०९७ या टोल फ्री क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते. स्त्रीला महिला डॉक्टर किंवा सोबत परिचारिका हवी असेल, तर तसे केसपेपर काढतानाच सांगावे. येताना आधी लावलेली ट्यूब, संपलेली असली तरी, आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकून आणावीत. त्या दिवशी सकाळी तिथे काहीही लावू नये.