संबळ, वाकळ आणि ४८ व्होल्ट

आपल्या घरातली वीज गाते, आणि तीही जवळजवळ सुरात. सॉकेटमधला प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं घेतो. पेटीच्या पट्ट्या जिथं संपतात त्याच्याही खाली उतरत गेलं, तर तळातली एक पांढरी पाच ४९ आवर्तनांवर सापडते. म्हणजे आपली वीज तिच्यापेक्षा जराशी चढी! अमेरिकेतली ६० आवर्तनांची वीज मात्र दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे लोंबकळते.

धाराशिव जिल्ह्यात घरच्या घरी गाणी करू पाहणाऱ्या पोरापोरींना हे आधी सांगायचं कारण म्हणजे, अर्थिंग कच्चं असलं की हाच सूर रेकॉर्डिंगच्या तळाशी घूंऽऽ करत बसतो. मग दोष माइकला दिला जातो. एक सोपी चाचणी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. घुमणं थांबलं, तर नवा माइक नको, वायरमन बोलवा. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर घेणार असाल तर प्युअर साइन वेव्हचाच घ्या. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरची गुरगुर गाण्यात उतरते.

नॉर्वेतल्या दिव्यांची देणगी

कंडेन्सर माइकला चालायला वीज लागते. ती माइक संगणकाला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसवरच्या ‘४८ व्ही’ बटणातून, आवाजाच्याच केबलमधून जाते. पण ४८ व्होल्टच का? १९६६ साली जर्मनीच्या नॉयमन कंपनीनं नॉर्वेच्या रेडिओसाठी माइक तयार केले. तिथल्या स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. तीच माइकसाठी वापरली, आणि पुढं तोच जगाचा नियम झाला. आज उमरग्यातल्या टेबलावरचं ते लाल बटण दाबलं की ओस्लोच्या दिव्यांचा हिशेब चालू होतो.

महाग माइक नेहमी बरा नसतो

नवशिक्याला दुकानदार हमखास कंडेन्सर माइक दाखवतो. तो नाजूक कानाचा असतो आणि सगळं ऐकतो: छताचा पंखा, शेजारची शिट्टी, दावणीची शेळी, आणि गाळपाच्या हंगामात साउंडवर गाणी लावून कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर. खोली शांत नसेल तर डायनॅमिक माइक घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. तो तोंडाजवळचं ऐकतो, लांबचं सोडून देतो, ४८ व्होल्ट मागत नाही आणि हातातून पडला तरी सहसा टिकतो.

हा काही गरिबाचा पर्याय नव्हे. मायकल जॅक्सननं १९८२ च्या ‘थ्रिलर’मधली गाणी शुअर कंपनीच्या एसएम-७ या डायनॅमिक माइकवर गायली. त्याच वर्षी ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ अल्बम आला. तो त्यानं राहत्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर आणि दोन एसएम-५७ माइकवर केला होता. गणपतीच्या मंडपात दिसणारा एसएम-५८ मुळात स्टुडिओसाठी बनवलेला, स्टेजवर तो नंतर गेला.

बाजारात पडलेल्या यंत्राचंही असंच. १९८२ च्याच सुमाराला मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. त्यातलं टीबी-३०३ हे गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं आणि विक्रीत सपशेल पडलेलं. रेकॉर्डही फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक थक्क झाले, कारण ‘ॲसिड हाउस’ नावाचा जो बाज शिकागोत जन्मला असं ते मानत होते, तसाच आवाज मुंबईत काही वर्षं आधीच झाला होता.

तुळजापूरचा ठेका

सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या तयार किटांत शेकडो ड्रम असतात, पण संबळ शोधून सापडत नाही. आणि आपल्या जिल्ह्यात तुळजाभवानीच्या दारी गोंधळ्यांचं संबळ-तुणतुणं, आराध्यांचं चौंडकं, गावागावात हलगी! एवढी श्रीमंती उशाशी असताना परदेशी बीट विकत घेणं मला पटत नाही.

रेकॉर्डिंगच्या दृष्टीनं ही वाद्यं एकमेकांपासून फार वेगळी आहेत. संबळ म्हणजे कमरेला बांधलेली जोडी आणि दोन काठ्या. आवाज असा फुटतो की जवळ धरलेला माइक तडकतो. म्हणून डायनॅमिक माइक हातभर लांब ठेवा, इंटरफेसचा गेन उतरवा आणि रेकॉर्डिंग २४ बिटवर करा. २४ बिटमध्ये तत्त्वतः १४४ डेसिबलची जागा असते. त्यामुळे मीटर लाल रेषेपर्यंत चढवायची गरज नाही. उणे १२ पर्यंत आवाज आला तरी भरपूर झाला.

तुणतुण्याला याच्या उलट वागणूक द्यावी लागते. त्याची एकच तार, आणि तिची किणकिण बारीक. इथं मात्र कंडेन्सर खरंच शोभतो. शक्य असेल तर पंखा बंद करून, पहाटेच्या वेळी.

हलगीची गंमत निराळीच. ती शेकोटीवर तापवून चढवतात आणि गार होत गेली की तिचा आवाज उतरतो. सकाळचा तुकडा दुपारच्या तुकड्याला जोडायला गेलात तर सांधा उघडा पडतो. म्हणून सगळे ठेके ताज्या शेकात, एका दमात घ्या आणि पुन्हा तापवल्यावर एक तपासणीचा ठोका रेकॉर्ड करून जुळवून पाहा.

दहा फुटांची खोली

दहा फूट लांबीची खोली ५६ आवर्तनांच्या आसपासचा सूर आपणहून फुगवते. भिंत ते भिंत आवाजाची अर्धी लाट तिथं नेमकी मावते. म्हणून बेस एका कोपऱ्यात दणकतो आणि दुसरीकडं गायब होतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून यात काडीचा फरक पडत नाही. गाण्याच्या खोलीत आवाज खातात ते जाड कापडाचे थर. आजीची वाकळ, खाली सतरंजी, बाजूला सोलापुरी चादरींची चळत! वाकळ भिंतीला न चिकटवता वीतभर पुढं दोरीवर टांगा. मागच्या हवेमुळे ती आणखी खालचे सूर शोषते. तळाचा बेस मात्र वाकळीलाही आवरत नाही, तिथं स्पीकर आणि बसायची जागा सरकवून बघावी लागते.

बाहेरचा आवाज अडवणं हे वेगळं काम. त्याला वजन लागतं. जुन्या माळवदाच्या घरांच्या दगडमातीच्या रुंद भिंती या कामात आजच्या विटेच्या भिंतीला सहज मागं टाकतात. पण १९९३ च्या भूकंपात लोहारा-उमरगा भागात अशाच घरांची जड छतं माणसांवर कोसळली, हे विसरून चालणार नाही. तसं जुनं घर हाताशी असेल तर आधी जाणकाराकडून त्याची मजबुती तपासून घ्या. पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात रेकॉर्डिंगचा हट्ट धरू नये.

कान, यंत्र आणि खिसा

आधी स्पीकर की हेडफोन? हेडफोन. बंद कपांचे, म्हणजे गाताना त्यातला आवाज माइकमध्ये शिरत नाही. स्पीकर पुढं घ्याल तेव्हाही नुसत्या गोडव्यावर जाऊ नका. स्टुडिओत वर्षानुवर्षं मिरवलेला पांढऱ्या पडद्याचा यामाहा एनएस-१० हा स्पीकर मुळात १९७८ मध्ये घरगुती म्हणून आला होता. घरच्यांना आवडला नाही, ध्वनिमुद्रकांना आवडला. कारण त्यावर गाण्यातले दोष लपत नसत.

गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो, ही सगळ्यांचीच तक्रार. दहा मिलिसेकंदाचा उशीर म्हणजे किती? तेवढ्या वेळात आवाज अकरा फूट चालतो. म्हणजे ढोलकीवाला अकरा फुटांवर बसला आहे असं समजा. तेवढं चालतं. त्याहून जास्त झालं तर सॉफ्टवेअरमध्ये ‘बफर’ कमी करा.

सॉफ्टवेअरवर सुरुवातीला पैसा घालवू नका. ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट आहे. ट्रॅक कापायला, जोडायला पुरेसं. चाली बांधायच्या तर छोटा मिडी कीबोर्ड घ्या. मिडी, म्हणजे वाद्यं आणि संगणक यांची आपसातली भाषा, १९८३ मध्ये आलं आणि तेव्हाची यंत्रंसुद्धा आजच्या संगणकाशी बोलू शकतात, म्हणून जुना कीबोर्ड मिळाला तर त्याची मागची भोकं बघूनच नाही म्हणा. सूर सुधारणारं ‘ऑटो-ट्यून’ मात्र उशिरा घ्या. ते १९९७ मध्ये अँडी हिल्डेब्रँड यांनी काढलं. त्याआधी ते जमिनीत सोडलेल्या ध्वनिलहरींवरून तेलाचे साठे शोधत. सूर शोधण्याचं गणित त्यांनी तिथूनच आणलं.

खरेदीचा माझा क्रम असा: वायरमन, वाकळ, डायनॅमिक माइक, इंटरफेस, हेडफोन. मग कीबोर्ड. कंडेन्सर आणि स्पीकर पुढच्या वर्षी. हे होईपर्यंत मोबाइल आहेच. त्याला वाऱ्यापासून आडोसा दिला तरी पुष्कळ होतं.

आणि काय रेकॉर्ड करायचं? अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बायांची नावं आणि गावं त्यांनी ओव्यांबरोबर जपली, म्हणून आज कुठली ओवी कुणाची हे सांगता येतं. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जान यांनी गाणं संपताच तबकडीत स्वतःचं नाव उच्चारलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या कारागिरांना गायिका कोण ते कळायला हवं होतं. तुमच्या संबळाच्या फाइलला ‘न्यू ट्रॅक १’ असं नाव ठेवू नका. वाजवणाऱ्याला आधी विचारा, त्याची बिदागी द्या, आणि फाइलच्या नावात त्याचं नाव, गाव, तारीख घाला.