पत्रा जाड, म्हणून गाडी भक्कम?

मोटारीच्या शोरूममध्ये पाऊल टाकलेला ग्राहक बहुधा पहिल्यांदा दारावर बोटांनी ठोकून पाहतो. आवाज भरीव आला की त्याची मान डोलते. पोकळ वाटला, तर 'पत्रा अगदीच पातळ आहे हो' असा शेरा मारून तो पुढच्या गाडीकडे वळतो. या परीक्षेमागे मोठी परंपरा आहे. अॅम्बॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या सहवासात वाढलेल्या पिढीच्या मनात लोखंड जितके अधिक तितकी गाडी सुरक्षित, हे समीकरण पक्के बसले आहे. 'पूर्वीच्या गाड्या म्हणजे रणगाडे. धडकल्या तरी ओरखडा उठत नसे,' असे आजही अभिमानाने सांगितले जाते. किरकोळ धडकेत ते खरेही असेल. पण गाडीने अंगावर न घेतलेला धक्का गेला कोठे, हे मात्र कोणी विचारत नाही.

तो आत बसलेल्या माणसाकडे जात असे.

हिशेब साधा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी भिंतीवर आदळली आणि तिचा दर्शनी भाग अवघा १० सेंटीमीटर चेपला, तर प्रवाशांसह सारे काही तेवढ्याच अंतरात थांबते आणि शरीरावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे शंभरपट जोर पडतो. तोच भाग ५० सेंटीमीटर चेपला, तर हा जोर सुमारे वीसपटीवर येतो. चुराडा झालेले बॉनेट पाहून हळहळणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की त्या बॉनेटने आपले काम चोख बजावलेले असते.

ही कल्पना बेला बारेनी या ऑस्ट्रियात जन्मलेल्या अभियंत्याची. गाडीचे पुढचे आणि मागचे टोक मुद्दाम चेपणारे ठेवावे आणि मधला प्रवाशांचा कप्पा पिंजऱ्यासारखा कणखर करावा, हे तत्त्व त्याने मर्सिडीजमध्ये असताना मांडले. १९५२मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि १९५९मध्ये ते प्रत्यक्ष गाडीत उतरले. म्हणजे ताकद हवीच, पण ती पिंजऱ्यात. दारावर ठोकून ती कळत नाही, कारण बाहेरचा पत्रा हे बव्हंशी गाडीचे कातडे असते, हाडे नव्हेत.

याचा रोकडा पुरावा अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २००९मध्ये दिला. १९५९ची धिप्पाड शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या तिने समोरासमोर, प्रत्येकी ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने धडकवल्या. जुन्या गाडीचा कप्पाच कोलमडला. तिचा चालक वाचला नसता. नव्या गाडीतील चालकाच्या पायाला फार तर किरकोळ इजा झाली असती.

मात्र बॉनेटच्या चेपण्याचा लाभ त्यालाच, जो गाडीला बांधलेला आहे. बेल्ट नसेल तर गाडी थांबते, माणूस थांबत नाही. तो मूळ वेगानेच पुढच्या वस्तूवर आदळतो. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा १९५९मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी आणला आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्वांसाठी खुले ठेवले. पुढे एअरबॅग आल्या, पण त्या या पट्ट्याच्या जोडीला आहेत, बदल्यात नव्हेत. पापणी लवण्याआधी फुगणाऱ्या त्या पिशवीवर मोकळे शरीर आदळले, तर तीच इजा करू शकते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी उत्तम बनावटीची होती. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागचे दोघे दगावले आणि त्यांनी बेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात बेल्ट न लावलेले १६,७१५ जण देशात मृत्युमुखी पडले. त्यांतील निम्मे चालक नव्हे, प्रवासी होते.

आपल्याकडच्या गाड्या निर्दोष होत्या, असे मात्र कोणी समजू नये. २०१४मध्ये 'ग्लोबल एनकॅप'ने भारतातील पाच लोकप्रिय छोट्या गाड्या धडकवल्या, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकीलाही एकसुद्धा तारा मिळाला नाही. काहींचा पिंजरा डळमळला. काहींचा टिकला, पण एअरबॅगच नव्हत्या. चालकासाठी एअरबॅग सक्तीची व्हायला २०१९ उजाडले. आपली 'भारत एनकॅप' चाचणी १ ऑक्टोबर २०२३पासून सुरू झाली. दारावर ठोकण्यापेक्षा तिचा निकाल वाचणे शहाणपणाचे. आणि तोही ताऱ्यांपाशी न थांबता, पिंजरा स्थिर राहिला की नाही इथपर्यंत.

इतके होऊनही पुष्कळ हौशी मालक गाडी घरी येताच पुढे लोखंडी बुल बार ठोकून घेतात. जो भाग चेपायला हवा त्याला वळसा घालून हा दांडा धक्का थेट सांगाड्यात पोचवतो, एअरबॅगच्या सेन्सरची फसगत करू शकतो आणि पादचाऱ्याच्या हाडांचा तर चुराच करतो. २०१७च्या डिसेंबरात केंद्राने याविरुद्ध कारवाईचे आदेश दिले. तरी दुकानांत तो मिळतोच. त्याच दुकानात मागच्या आसनावर नवेकोरे सीट कव्हर चढते आणि बेल्टची खोबणी त्याखाली गडप होते. ती बाहेर काढून द्यायला कारागिराला दोन मिनिटे पुरतात, पण तसे त्याला सांगावे लागते.