तीन मिनिटांचा स्विंग

स्विंगच्या आणि त्याआधीच्या काळातल्या जॅझ लघुपटांकडे बहुधा संगीताचा दस्तऐवज म्हणून पाहिले जाते. ब्लूज गायिका बेसी स्मिथच्या बाबतीत ते योग्यच आहे. १९२९चा ‘सेंट लुइस ब्लूज’ हा तिचा एकमेव चित्रपट. तो नसता तर गाताना ती कशी उभी राहत असे, हे आपल्याला कधीच कळले नसते. पण त्यानंतरच्या लघुपटांचे, विशेषतः १९४०च्या दशकातल्या ‘साउंडी’ या तीन मिनिटांच्या चित्रफितींचे, खरे मोल मला संगीतापेक्षा नाचात दिसते.

अमेरिकेतल्या बारमध्ये आणि उपाहारगृहांत तेव्हा या चित्रफिती दाखवणारे ‘पॅनोरम’ नावाचे यंत्र असे. शिकागोची मिल्स नॉव्हेल्टी कंपनी ते बनवी. दहा सेंटचे नाणे टाकले की रिळावरच्या आठ चित्रफितींपैकी पुढची लागे; आवडीची निवडण्याची सोय नव्हती. या चित्रफितींसाठी गाणे आधी मुद्रित होई आणि चित्रण नंतर. हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाला ही रीत नवी नाही, पण जॅझला ती महागात पडते. वादकाला ऐन वेळी सुचणे हाच जॅझचा प्राण, आणि इथे तो स्वतःला आधीच सुचून गेलेल्या सुरांवर नुसती बोटे फिरवतो. ‘एन्ट मिसबिहेविन’मध्ये फॅट्स वॉलरचा चेहरा, भुवया आणि मिश्किल नजर यांनी पडदा भरून जातो, त्याचे पियानोवादन मात्र ध्वनिमुद्रिकेवरही तितकेच ऐकू येते.

नाचाचे तसे नाही. १९४१च्या ‘हॉट चॉकलेट’ या साउंडीमध्ये ड्यूक एलिंग्टनच्या ‘कॉटन टेल’वर व्हाइटीज लिंडी हॉपर्स हा लिंडी हॉप नाचणारा संघ नाचतो. सूर आधीचे असले तरी जोडीदाराला हवेत उचलणे, त्याने पायांवर उतरणे आणि त्याच झोकात पुढचे पाऊल टाकणे हे सारे कॅमेऱ्यासमोरच घडलेले आहे. यावर आक्षेप येईल की कॅमेऱ्यासाठी बसवलेला हा नाच म्हणजे हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममधला मोकळा नाच नव्हे. ते मान्य. पण हे नर्तक त्याच लाकडी जमिनीवर घडले होते, आणि अंगाचा तोल बसवलेल्या नाचातही खोटा आणता येत नाही. त्यांच्यातला फ्रँकी मॅनिंग पुढे टपाल खात्यात नोकरीला लागला. १९८०च्या दशकात लिंडी हॉप शिकू पाहणारे तरुण त्याला शोधत आले, तेव्हा जुन्या चित्रफिती हा त्यांचा एक मोठा आधार होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : या पडद्यावरचे कृष्णवर्णीय जग गोऱ्यांच्या कल्पनेतले नाही का? पुष्कळदा आहेच. १९४४चा ‘जॅमिन द ब्लूज’ हा लघुपट गॉन मिली या छायाचित्रकाराने अत्यंत देखणा केला. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगची हॅट आणि सिगारेटचा धूर त्यात अविस्मरणीय आहेत. तरीही वाद्यवृंदातला एकटा गोरा वादक, गिटारिस्ट बार्नी केसल, अंधारात ठेवला गेला आणि जवळून दिसणारे त्याचे हात फळांच्या रसाने काळे केले गेले. काळे-गोरे एकत्र वाजवताना दिसू नयेत, एवढ्यासाठी. हा खोटेपणा लपवून या चित्रपटाचे कौतुक करू नये. पण त्यापायी मेरी ब्रायंट आणि आर्ची सॅव्हेज यांचा त्यातला नाच नाकारणे म्हणजे त्या कलाकारांवर दुसरा अन्याय होईल.

म्हणून वाचकांना विनंती आहे : या चित्रफिती मिळाल्या की पहिल्यांदा गाणे ऐका आणि दुसऱ्यांदा फक्त पाय पाहा.