विश्लेषण : काडतुसात जड गोळी घरी भरली तर काय होते?

मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात जानेवारी २०२५ च्या अखेरीस काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. जंगलात पांगापांग झाली आणि साथीदारालाच डुक्कर समजून एकाने गोळी झाडली. त्यात एकाचा जीव गेला. मृतदेह झाडीत लपवल्याचे पोलीस तपासात पुढे आले. पालघर, बोईसर-तारापूर पट्ट्यात भातशेतीला डुकरांचा त्रास नवा नाही. ‘डुकराला छर्रा पुरत नाही, जड गोळी हवी’ हे शिकाऱ्यांचे बोलणेही जुनेच. पण जड गोळी झुडपाने थांबत नाही, मागे माणूस असला तरी.

गोळी जड झाली की काय बदलते?
ठासणीच्या बंदुकीत दारू, चिंधी आणि शिसे गजाने ठासतात. काडतुसात तोच ऐवज पितळी पुंगळीत बसतो. जड गोळी नळीतून हलायला वेळ घेते, तोवर मागे वायू कोंडतो आणि दाब चढतो. .३०-०६ काडतुसात १५० ग्रेनची (सुमारे ९.७ ग्रॅम) गोळी चालते, तशीच २२० ग्रेनचीही (सुमारे १४.३ ग्रॅम). मात्र हलक्या गोळीचे दारूचे माप जड गोळीला लावले तर बंदूक चालवणाऱ्याच्या तोंडावर फुटू शकते. इथे अंदाज चालत नाही.

अर्धस्वयंचलित रायफलीत धोका जास्त का?
बोल्ट रायफलीची पुंगळी हाताने काढतात. अनेक अर्धस्वयंचलित रायफली हे काम नळीतल्या वायूवर करतात. वायूचा जोर वाढला की आतले भाग हिसक्याने मागे आदळतात. अमेरिकी लष्कराच्या जुन्या एम-१ गरँडमध्ये जड गोळी आणि सावकाश जळणारी दारू एकत्र आली तर आतला दांडाच वाकतो.

कायदा काय म्हणतो?
अर्धस्वयंचलित रायफल आपल्याकडे प्रतिबंधित वर्गात मोडते. केंद्राच्या खास परवानगीशिवाय ती बाळगता येत नाही. सामान्य परवानाधारकाकडे दिसते ती .३१५ बोल्ट रायफल. तिचे काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याचे यंत्रही ‘दारूगोळा’ ठरते. विनापरवाना काडतूस बनवणे कलम ५ चा भंग आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

मग शेतकऱ्याने काय करायचे?
पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो. पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हीच गफलत गावोगाव होते. रानडुकराला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. पिकाचा नाश करणारे डुक्कर मारायचे तरी कलम ११ खाली वन खात्याची लेखी परवानगी आधी लागते. नुकसान झाले असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात लगेच अर्ज द्यावा आणि पंचनामा होईपर्यंत शेत तसेच ठेवावे.